तीरकमठं काढा म्हणणाऱ्या साथींना


मागच्या महिन्यात कन्नडच्या डोंगराकडच्या एका वस्तीवर गायरानातली उभी बाजरी रात्रीतून गुरं घालून चारली. दोन झोपड्या पेटवल्या. आलेल्या पोरांच्या गळ्यात पक्षाचे गमछे होते, तोंडात धर्माच्या घोषणा. औरंगाबादच्या बैठकीत आपले तरुण उठले नि म्हणाले, "आता तीरकमठं काढा." तो राग आम्हाला परका नाही.

एक कबूल करू. रझाकारांपुढे मराठवाड्यात नुसत्या सत्याग्रहावर भागलं नाही. सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ते चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण 17 सप्टेंबरच्या भाषणांत पुढचं कुणी सांगत नाही. 1948 ला निजाम शरण आला, कासीम रझवी पकडला गेला, आणि मग गावोगाव सूड निघाला. कुणावर? बहुतेक ज्यांचा रझाकारीशी संबंध नव्हता अशा गरीब मुसलमानांवर. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज आहे, संस्थानभरात कमीत कमी 27 हजार माणसं मेली. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून मारला गेलेला 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता, हे कुणाच्या ध्यानात राहिलं?

तेव्हा आमचं म्हणणं असं. अंगावर आला तर अडवा. बाया-पोरं आत जळत असताना हात जोडून बसा असं कुठलाच शहाणा सांगणार नाही, आणि भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 तो हक्क देतातच. पण उजाडल्यावर त्यांच्या गावावर चालून जायचं, हे वेगळं. तिथे जळेल ते सालगड्याचं खोपट. गमछेवाल्याचा पुढारी शहरात बसलेला असतो.

आणि त्यांना तेच पाहिजे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची आपली गायरानं नावावर व्हायची आहेत. तलाठ्याच्या 1-ई मध्ये नोंद मिळवायला किती चकरा झाल्या ते तुम्हीच जाणता. एकदा का दरोड्याची केस लागली, की शेळ्या विकून वकील करा, तारखा करा, आणि तोवर वावर पडीक. शहाद्याकडे 1971 ला पाटीलवाडीत गोळी भिल्लांवर चालली. पुढच्याच वर्षी तिथे भूमुक्ती परिषद भरली, लोक सातबारे शोधत फिरले, गेलेल्या जमिनी परत घेऊ लागले. अंबरसिंग सुरतवंतींच्या लोकांना धनुष्य धरता येत नव्हतं असं थोडंच आहे!

वस्तीवर रोज चार जणांचा जागता पहारा बसला आहे. पंचनाम्याची नक्कल अजून हाती आलेली नाही. येत्या सोमवारी क्रांती चौकातून दिल्ली गेटला, आयुक्त कचेरीवर जायचं आहे. दंडाच्या जुन्या पावत्या, फाटक्या असल्या तरी, घेऊन या.