रुंद पाऊल हा काही दोष नव्हे!

गेल्या आठवड्यात हातखंब्याच्या एक भगिनी दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. महिला मंडळाबरोबर रायगड चढून आल्या होत्या. "डॉक्टर, चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र जीव गेला," त्या म्हणाल्या. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा, वरची कातडी सोललेली. नवे बूट पिशवीत होतेच. मी त्यांना कोऱ्या कागदावर उभे केले, पेन्सिलीने पावलाची कड आखली आणि त्यावर बूट ठेवला. पावलाची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर! निदान तिथेच झाले.

या उंचवट्याला बनियन म्हणतात. आपण "हाड वाढलंय" म्हणतो. पण मुख्यतः ते वाढलेले नसते, सरकलेले असते. अंगठा करंगळीकडे कलतो आणि त्यामागचे लांब हाड बाहेर येते. पावलाची ठेवण बहुधा घराण्यातून येते. अरुंद, टोकदार, उंच टाचेची पादत्राणे त्रास वाढवतात.

दुकानात यावर उपाय ठरलेला: "एक नंबर मोठा घ्या." नंबर वाढला की लांबी वाढते, रुंदी जेमतेम. मग टाच निसटते, फोड येतात आणि उतारावर पाऊल पुढे घसरून बोटे चेपतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीयांची पावले युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले. म्हणजे चूक आपल्या पायाची नाही, मापाची आहे!

डोंगर चढण्याचे बूट घेताना एवढे करा. संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. आखलेल्या पावलाचा कागद कापून बरोबर न्या आणि बुटाच्या तळाशी ताडून पाहा. जाड मोजे घालून, दोन्ही बूट चढवून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. पुढचा भाग गोल व ऐसपैस, उंचवट्यावर शिवण नको, टाच घट्ट हवी. उंचवट्याशेजारच्या भोकांतून नाडी ओवू नका. दुकानातल्या पायरीवरून उतरून बघा. भगिनींनी पुरुषांचे बूट पाहायलाही लाजू नये. ते बहुधा रुंद असतात. आपल्या शेवाळलेल्या कातळासाठी तळ खाचांचा हवा. "वापरून सैल होईल" यावर मात्र विश्वास ठेवू नका. बहुधा बूट सैल होण्याआधी कातडी सोलते.

बुटाने अंगठा सरळ होणार नाही, वेदना मात्र कमी होईल. शस्त्रक्रिया न थांबणाऱ्या वेदनेसाठी असते, शोभेसाठी नव्हे. सांधा अचानक लाल, गरम होऊन ठणकू लागला तर ते वातरक्त असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी तर साधे सालटेही अंगावर काढू नये.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पाय दुखतो म्हणून माणसे, विशेषतः बायका, चालणेच सोडतात. मग वजन, साखर, रक्तदाब यांना रान मोकळे! घरात सर्वांचे जोडे आले की आईचे शेवटी, उरलेल्या पैशांत येतात. जोडा कुठे चावतो ते पायालाच ठाऊक. एकदा घरच्यांनीही विचारून पाहावे.