बुद्धिबळपटूंची संघटना : कोणाची, कोणासाठी?

बुद्धिबळपटूच्या समोर जो बसलेला असतो, तो त्याच्याच व्यवसायातला माणूस असतो आणि त्याला हरवल्याशिवाय आपले घरभाडे सुटत नाही. अशा माणसांनी हितरक्षणासाठी एकत्र यावे ही अपेक्षाच विसंगत वाटते. तरीही गेल्या शतकभरात ते पुनःपुन्हा एकत्र आले आणि पुनःपुन्हा पांगले. याचे कारण म्हणून खेळाडूंच्या अहंकाराकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. आम्हांला ते कारण अपुरे वाटते.

१९२२ साली लंडनमध्ये कापाब्लांका, अलेखिन, रुबिनस्टाइन प्रभृती अग्रगण्य खेळाडूंनी जगज्जेतेपदाच्या सामन्यांसाठी एक नियमावली मान्य केली. आव्हानवीराने किमान दहा हजार डॉलरांचा निधी उभा करावा, ही तीतील कळीची अट. खेळाडूला सन्मानाने मोबदला मिळावा हा हेतू रास्तच होता. पण स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी रुबिनस्टाइनला जगज्जेतेपदाचा सामना आयुष्यात कधीच खेळता आला नाही. खेळाडूंनी स्वतःच केलेला नियम धनको गाठीशी नसलेल्या खेळाडूला दाराबाहेर ठेवणारा ठरला.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेसेल कॉक यांच्या पुढाकाराने ग्रँडमास्टर्स असोसिएशन स्थापन झाली. तिने १९८८-८९ मध्ये विश्वचषक मालिका भरवली, आणि जागतिक महासंघाशिवायही (म्हणजे फिडेशिवायही) उत्तम स्पर्धा होऊ शकतात हे दाखवून दिले. १९९० साली स्पेनमधील मुर्सिया येथे प्रश्न उभा राहिला : फिडेशी समझोता करायचा की नाही? कास्पारोव्हचा विरोध होता. बहुसंख्य ग्रँडमास्टरांना समझोता हवा होता. या प्रसंगाला कास्पारोव्हच्या हट्टाची कथा म्हणून सांगणे सोपे आहे. परंतु जगज्जेत्यासाठी धनको स्वतः चालत येतो; शंभराव्या क्रमांकाच्या ग्रँडमास्टरला मात्र राष्ट्रीय संघातील जागा, मानांकन आणि पुढल्या स्पर्धेचे निमंत्रण महासंघाच्या व्यवस्थेतूनच मिळते. दोघेही आपापल्या जागी शहाणेच होते. फक्त त्यांचे हित एक नव्हते.

१९९३ साली फिडेने कास्पारोव्ह-शॉर्ट सामन्याचे ठिकाण खेळाडूंना न विचारता मँचेस्टर ठरवले, तेव्हा दोघांनी प्रोफेशनल चेस असोसिएशन काढून सामना लंडनमध्ये खेळला. तक्रार खरी होती. पण दोघांच्या तक्रारीतून जन्मलेल्या संस्थेला 'असोसिएशन' म्हणावे काय? इंटेलने आश्रय काढून घेतल्यावर ती टिकली नाही; जगज्जेतेपद मात्र २००६ पर्यंत दुभंगलेले राहिले. २००३ साली जोएल लोतिए यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेली असोसिएशन ऑफ चेस प्रोफेशनल्स ही त्यामानाने समंजस संस्था. तिचे पुढील काळातील अध्यक्ष एमिल सुतोव्स्की २०१८ मध्ये फिडेचेच महासंचालक झाले. याला संघटनेचे यश म्हणावे की तिचे विसर्जन, यावर आमच्यातच एकमत नाही. असो.

मूळ अडचण आम्हांला वेगळीच दिसते. 'आम्ही एक कुळ आहोत' असे फिडेचे लॅटिन ब्रीद आहे; पण त्या कुळाच्या सभेत मत असते ते राष्ट्रीय महासंघांना, आणि खेळणारा माणूस तेथे आपल्या महासंघाच्या मार्फतच उपस्थित असतो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या देशात तिचा अर्थ ठळकपणे दिसला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळले म्हणून काही खेळाडूंवर २०१० च्या सुमारास बंदीची कारवाई झाली. या खेळाडूंमागे कोणतीही संघटना नव्हती. त्यांनी न्यायालय गाठले, आणि प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेले. आयोगाने २०१८ च्या जुलैमध्ये महासंघाला वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल दोषी धरले आणि ६.९२ लाख रुपयांचा दंड केला. मधली आठ वर्षे ही खेळाडूच्या उमेदीची वर्षे असतात. ती कोणत्या दंडातून वसूल होणार?

त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन हिने इराणमधील आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली. डोक्यावर सक्तीने रुमाल बांधणे तिला मान्य नव्हते. स्पर्धा बहाल करताना खेळाडूंच्या हक्कांचा विचार होत नाही, अशी खंतही तिने जाहीरपणे व्यक्त केली. तिचे कौतुक झाले, तिच्यावर टीकाही झाली, चार दिवस वर्तमानपत्रांत वाद रंगला. परंतु स्पर्धेचे ठिकाण ठरत होते तेव्हा, म्हणजे आक्षेप घ्यायला वेळ होता तेव्हा, तिच्या वतीने बोलू शकेल असे त्या बैठकीत कोणीच नव्हते. जी किंमत मोजायची ती तिने एकटीने मोजली, भारतीय संघातील आपली जागा सोडून.