मृत्युपत्रातला तिऱ्हाईत माणूस

तेराव्याची पंगत उठली आणि गुरुजींच्या थोरल्या मुलानं मला ओसरीवर सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, आजच मृत्युपत्र वाचून वाटण्या करून टाका. आज सगळे आहोत, उद्या कोण कुठं असेल!" त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. धाकटा पुण्याहून रजा काढून आलेला, बहीण वसमतहून. चुकलो होतो मी. गुरुजींनी एक्झिक्युटर म्हणून माझं नाव घातलं, तेव्हा मी तो मान समजलो होतो, लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापून यावं तसा. ते काम आहे हे त्या दिवशी ओसरीवर कळलं.

आमच्या हिंगोलीत बँकेतून निवृत्त झालेला माणूस हिशेबाचा पक्का समजला जातो. त्यातून मी कादंबऱ्या लिहिणारा, म्हणजे घराघरांतली भांडणं मला कळतात असाही एक समज. दोन्ही समज किती अपुरे होते ते पुढच्या दोन वर्षांत उमगलं.

लोकांना वाटतं, एक्झिक्युटरनं न्याय करायचा. कुणाला कमी मिळालं, कुणी आईबापांची सेवा केली, हे सगळं तोलून वाटायचं. त्याला तसा अधिकारच नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं त्याला एक उतरंड लावून दिली आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली गडी-मजुरांची मजुरी, मग बाकीची देणी. हे सगळं फिटून उरेल त्यातून मुलाबाळांचे वाटे. आणि मृत्यूपासून वर्षभर वाटप करायला तो बांधील नाही. मुंबईत अनेक दशकं प्रोबेटची सक्ती होती, तशी आमच्याकडे कधीच नव्हती. म्हणजे कोर्टाचा शिक्का नाही, हातात फक्त गुरुजींचा कागद आणि समोर तीन चेहरे.

गुरुजींच्या डोक्यावर पीककर्ज होतं, हळद शिजवायच्या बॉयलरचे हप्ते होते आणि सालगड्याचा पगार थकला होता. मी आधी सालगड्याचा हिशेब केला. धाकटा म्हणाला, "काका, आमच्या आधी गड्याला?" हो, आधी गड्याला. त्या दिवसापासून त्याचे फोन कमी झाले.

खरं दुखणं वेगळंच होतं. गुरुजींची चार लाखांची ठेव होती. मृत्युपत्रात ती मुलीला दिलेली. ठेवीवर नॉमिनी मात्र थोरला. मृत्यूचा दाखला दाखवून त्यानं रक्कम उचलली. बँकेनं ती दिली यात काही गैर नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. मी परत मागितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, तो फॉर्म तुम्हीच तर भरला होता."

खरं होतं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी, शाखेत, माझ्याच टेबलावर. काकू गेल्या होत्या. "थोरला गावातच असतो, त्याचं नाव लावा, पुढं काळजी नाही," असं मीच गुरुजींना सांगितलं होतं. अशी किती कुटुंबांची काळजी मी तीस वर्षांत मिटवली असेन, देव जाणे! नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं विम्याबाबत १९८४ साली आणि बँकेतल्या ठेवींबाबत २०१० साली सांगून ठेवलं आहे. काउंटरवर एवढं कोण समजावतो? मीही नाही समजावलं.

हे फक्त आमच्यासारख्या लहान गावात होतं असंही नाही. ज्यांचं 'कालनिर्णय' घराघरात भिंतीवर लटकतं, त्या जयंतराव साळगावकरांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं. २०१३ मध्ये ते गेले आणि वर्षभरात कुटुंबातला वाद मुंबई उच्च न्यायालयात पोचला. काही गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून ज्यांची नावं होती त्यांचं म्हणणं, त्या आमच्याच मालकीच्या झाल्या. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनीही मालक होत नाही. जयंतरावांना जाऊन दहा वर्षं उलटली होती. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तर बँकेतल्या ठेवीवर चार नावं लावता येतात. सोय म्हणून ठीकच, पण ती चार नावं आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतात का, हे बघायचं राहिलं तर भांडणालाही चौघे.

त्या निकालाची बातमी मी थोरल्याला वाचायला दिली. तो काही बोलला नाही. बोलली ती बहीण. "काका, भाऊ दुरावण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले. तुम्ही गप्प बसा." आपल्याकडे मुलींच्या वाट्याला नेहमी हा समजूतदारपणाच येतो, मग हक्कसोडपत्रावर सही होते आणि सगळे म्हणतात, पोरगी गुणाची. मी तिला म्हटलं, "आधी पैसे तुझ्या हातात येऊ देत. मग हवं तर उलटी ओवाळणी घाल भावाला, माझी ना नाही." ती रागावली. मला वाटतं, आयुष्यात गप्प न बसल्याबद्दल माझ्यावर रागावलेली ती एकटीच असेल.

एक्झिक्युटर व्हायला नाही म्हणता येतं, कायदा कुणावर सक्ती करत नाही. पण ते कामाला हात लावण्याआधी. म्हणून नाव घालणाऱ्यानं आधी त्या माणसाला विचारावं, देणी-घेणी दाखवावीत, आणि जमल्यास मुलांना एकदा समोर बसवून मृत्युपत्र वाचून दाखवावं. गुरुजींनी आयुष्यभर वर्गात मोठ्यानं वाचून घेतलं, हा एकच कागद तेवढा कपाटात ठेवला.

मी एक वही घातली होती. जमा, खर्च, तारीख, पावती. दर तीन महिन्यांनी तिघांना झेरॉक्स पाठवायचो. कुणी उत्तर दिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मार्केट यार्डात हळद विकून थोरल्यानं दोन हप्त्यांत रक्कम आणून दिली, वहीत सही केली आणि चहा न घेता गेला.

दसऱ्याला तो सोनं द्यायला आला नाही. आमच्या गावचा दसरा मोठा, त्या दिवशी न येणं सगळ्यांच्या लक्षात येतं. संध्याकाळी त्याचा मुलगा आला, आपट्याचं पान हातावर ठेवून पाया पडला आणि जाताना म्हणाला, "आजोबा, बाबांनी ती वही मागितलीय. आत्याच्या सासऱ्यांनी त्यांना एक्झिक्युटर केलंय म्हणे."