तांदळाच्या डब्यातला फोन

पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तेथे होडीत चढताना कुणाचा स्मार्टफोन पाण्यात पडला, तर घरचा उपाय ठरलेला : तांदळाच्या डब्यात पुरा! मला हा उपाय मुळीच मान्य नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे पापडसुद्धा सादळतात. त्याच हवेतला तांदूळ आधीच ओल धरून बसलेला; तो फोनच्या पोटातले पाणी कसे ओढणार? उलट त्याचे बारीक कण आत शिरतात. ॲपल कंपनीनेही २०२४ साली तांदूळ वापरू नका, असे बजावले.

"पण आमचा फोन तांदळातूनच बरा झाला!" असे तुम्ही म्हणाल. झाला असेल, पण नुसता टेबलावर ठेवून झाला नसता कशावरून? स्पंजाचे दोन सारखे तुकडे भिजवा, एक तांदळात आणि दुसरा उघड्यावर ठेवा, आणि दर दोन तासांनी वजन करून पाहा.

खरा शत्रू मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडाले तरी ते आत राहतात, हवेतली ओल शोषतात, आणि वीज वाहू लागली की तांब्याचे सांधे खाऊन टाकतात. म्हणून फोन ताबडतोब बंद करा. 'चालतो का पाहू' म्हणून चार्जरला लावू नका. चुलीजवळ तर नेऊच नका. बॅटरी तापणे धोक्याचे. सिमकार्ड काढा, चार्जिंगची खाच खाली धरून फोन हलकेच थोपटा. आणि पाणी खारे असेल, तर फोन पुन्हा चालू झाला तरी त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडून आतले क्षार साफ करून घ्या.