गच्चीवरच्या भाजीचा ताळेबंद

व्यापारी कुटुंबात दुकानातील प्रत्येक पोत्याची नोंद होते. घरातील भाजी मात्र या शिस्तीतून बहुधा निसटते. किराण्याचा हिशेब महिन्याचा आणि कपड्यांचा सणावाराचा असतो, पण भाजीचे पैसे रोज थोडेथोडे जातात आणि त्यांची बेरीज कोणी करीत नाही. म्हणूनच गच्चीवर चार कुंड्या ठेवून भाजी पिकवण्याचा विचार काटकसरी गृहिणीला सहज पटतो. तथापि धाराशिव जिल्ह्यात या विचाराला एक अवघड प्रश्न चिकटलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यानेही टँकरची वाट पाहिली होती. अशा मुलखात कुंडीत पाणी ओतणे ही काटकसर म्हणावी की चैन?

या प्रश्नाचे एक उत्तर जिल्ह्यातील शेतकरी स्त्रियांनी आधीच दिले आहे. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रेरणेने धाराशिव आणि लातूर परिसरातील स्त्रियांनी कुटुंबाच्या शेतातील अर्धा-एक एकर तुकडा स्वतःकडे मागून घेतला. नगदी पिकाऐवजी त्यावर घरात लागणारी भाजी, कडधान्ये आणि भरडधान्ये घेतली. खत शेणाचे व पालापाचोळ्याचे वापरले. पीक आधी ताटात, उरले तर बाजारात, असा क्रम त्यांनी ठरवला. या कामाची दखल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने घेतली आणि २०१६ चा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. ज्या वर्षी पाणी सर्वांत महाग झाले होते, त्याच वर्षी घरच्या भाजीचे मोल जगाने मान्य केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बाजारपेठेत राहणाऱ्या कुटुंबाकडे एकर नाही, पण गच्ची आहे. गच्चीवरही भाजी पिकते याचा दाखला मुंबईत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली. रोज निघणारी भाजीची देठे-साले हेच तिचे खत झाले. विकतचे साहित्य थोडे आणि वाया जाणारे साहित्य पुष्कळ, हे त्या बागेचे मर्म होते. घरगुती बागेची काटकसरही येथूनच सुरू होते.

पहिला विचार भांडवलाचा. समजा, शोभेच्या दहा कुंड्या आणि तयार मातीच्या पिशव्या यांवर ४,००० रुपये खर्च झाले आणि महिन्याला २०० रुपयांची भाजी निघाली, तर भांडवल फिटण्यास वीस महिने लागतील. तीच बाग ६०० रुपयांत उभी राहिली, तर तीन महिन्यांत फिटेल. पीक तेच, फरक केवळ आरंभीच्या खर्चाचा. किराणा दुकानदाराच्या घरी तर १५ किलो तेलाचे रिकामे डबे, बारदाने आणि प्लास्टिकचे क्रेट सहज उपलब्ध असतात. तेलाचा डबा उभा ठेवला तर सुमारे ३५ सेंटीमीटर खोली मिळते. त्यात टोमॅटो किंवा मिरचीचे एक रोप पोसले जाते. तोच डबा आडवा करून वरची बाजू कापली, की मेथी-पालकासाठी पसरट वाफा तयार होतो. तळाला खिळ्याने पाच-सहा छिद्रे पाडावीत, कडा दुमडून घ्याव्यात आणि डबा दोन विटांवर ठेवावा. पत्रा उन्हात तापून मुळे भाजतात, म्हणून भोवती बारदान गुंडाळावे. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा मात्र कदापि वापरू नये.

दुसरा विचार मातीचा. आपल्याकडील काळी माती शेतात सोने असली तरी डब्यात ती भिजल्यावर चिकटते आणि वाळल्यावर भेगाळते. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळलेला पाला किंवा रसवंतीवरून आणलेले व वाळवून बारीक केलेले उसाचे चिपाड, असे मिश्रण करावे. निव्वळ काळ्या मातीने भरलेला ओला डबा २५ किलोंच्या घरात जातो. मिश्रणाने हे वजन बरेच घटते. तरीही डबे गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंती आणि तुळया यांच्या रेषेवर ठेवावेत. गच्ची गळू लागली, तर दुरुस्तीचा खर्च कित्येक वर्षांच्या भाजीचे पैसे गिळून टाकील.

तिसरा आणि निर्णायक विचार पाण्याचा. डब्यातील भरात आलेल्या रोपाला हिवाळ्यात दिवसाला साधारण एक लिटर आणि कडक उन्हाळ्यात दोन लिटरपर्यंत पाणी लागते. म्हणजे दहा डब्यांना हिवाळ्यात दहा लिटर. एवढे पाणी डाळ, तांदूळ आणि भाजी धुताना बऱ्याच घरांत मोरीत जाते. ते एका बादलीत साठवून त्याच दिवशी झाडांना घालावे. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी त्यात मिसळू नये. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असते, म्हणून ते एकटे न घालता दुसऱ्या पाण्यात मिसळून आणि अधूनमधूनच वापरावे. मातीवर वाळलेल्या पाल्याचे दोन बोटे आच्छादन असले की बाष्पीभवन कमी होते. पावसाळ्यात १०० चौरस फूट गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १८५ लिटर पाणी मिळते. एका चांगल्या सरीत २०० लिटरचे पिंप जवळजवळ भरते. पिंपाला घट्ट झाकण आणि तोंडाला कापड असावे, म्हणजे डासांची उत्पत्ती होणार नाही आणि जीवहिंसाही टळेल.

काय लावावे, हे बाजारभावाबरोबर घरच्या आचारानेही ठरते. कांदा, बटाटा, मुळा, गाजर ही कंदमुळे जैन स्वयंपाकघरात वर्ज्य असल्याने खोल मातीची गरज आपोआप कमी होते. चातुर्मासात अनेक घरी पालेभाजी बंद असते. त्या काळात दोडका, कारले, गवार आणि घेवडा यांवर भर द्यावा. वेलांसाठी निम्मे दुमडलेले बारदान किंवा अर्धे कापलेले पिंप घ्यावे. दिवाळीत पेरलेली मेथी कार्तिकी पौर्णिमेनंतर दहा-बारा दिवसांत खुडण्यास येते. पालक महिनाभराने कापणीला येतो व पुन्हा फुटतो. कोथिंबिरीला सुमारे चाळीस दिवस लागतात. मेथी आणि धने दुकानातील पोत्यातलेच चालतात. धने हलक्या हाताने रगडून दोन दले वेगळी करावीत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिरची आणि टोमॅटो झाडावर दोन दिवस थांबतात, भेंडी थांबत नाही; ती जून होते. म्हणून तिची रोपे मोजकीच असावीत.

किडीबाबत औषध मारण्यापेक्षा कीड येऊच न देणे अहिंसेला आणि खिशाला, दोहोंना मानवते. रोपांत अंतर ठेवावे, कोवळ्या वाफ्यावर बारीक जाळी टाकावी, पाणी सकाळी घालावे. किडलेले पान तोडून दूर झाडोऱ्यात ठेवावे. ओल्या कचऱ्याच्या खतात सूक्ष्म जीव वाढतात, म्हणून काही कुटुंबांना ते घरी करणे रुचत नाही. त्यांनी वाळलेला पाला आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांवर काम भागवावे. अधिक शंका असल्यास तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येते.

आता ताळेबंद. एका वहीत तीन रकाने आखावेत: भांडवली खर्च, चालू खर्च आणि तोडलेली भाजी. भाजी वजन करून त्या दिवशीच्या मंडईच्या भावाने जमा धरावी. चौथा रकाना पाण्याचा असावा आणि त्यात वापरलेले नव्हे, तर खास बागेसाठी उपसलेले ताजे पाणी लिहावे. हा रकाना शून्याजवळ असेल तोवर बाग नफ्यात आहे. फेब्रुवारीनंतर तो वाढू लागला, तर व्यापारी मंदीत माल कमी करतो त्याप्रमाणे डबे कमी करावेत. कढीपत्ता, पुदिना आणि दोन मिरच्या राखून बाकीची माती वाळवून झाकून ठेवावी. जूनमध्ये तीच माती पुन्हा कामी येते. टंचाईच्या वर्षी बाग आटोपती घेण्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या हंड्यातील पाणी आपल्या वेलीला घालून पिकवलेली भाजी मंडईपेक्षा स्वस्त पडली, तरी तिची खरी किंमत वहीत कोठेच जमा होत नाही.