पोकरच्या नफ्याचा हिशेब पूर्ण मांडा

संपादक महोदय,

पोकर स्पर्धांचा कोणता प्रकार अधिक फायद्याचा, याची तुलना करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. टर्बो, बाउंटी, सॅटेलाइट, डीप स्टॅक अशा प्रत्येक प्रकारात शंभर रुपयांमागे किती सुटतात, हे त्यात आहे. लेखकाला खेळ उत्तम कळतो. पण त्यांचा हिशेब बक्षीस मिळते तिथेच थांबतो, आणि भारतातल्या खेळाडूचे खरे नुकसान त्यानंतर सुरू होते.

समजा, एखादा खरोखर हुशार खेळाडू टर्बोत १५ टक्के फायदा काढतो. ५,००० रुपये फीच्या १०० स्पर्धा म्हणजे खर्च ५ लाख, बक्षिसे ५ लाख ७५ हजार. कागदावर ७५ हजारांचा नफा. मात्र आपल्याकडे पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर ३० टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के कर आहे. प्रवेश फी किंवा इतर स्पर्धांत गेलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. कर झाला १,७९,४०० रुपये, हाती राहिले ३,९५,६००. उत्तम खेळूनही हा माणूस १,०४,४०० रुपयांनी बुडाला! नुसते बरोबरीत सुटायचे तरी करापूर्वी ४५ टक्क्यांहून जास्त फायदा हवा. टर्बोत ब्लाइंड, म्हणजे सक्तीने लावायच्या पैजा, झपाट्याने वाढतात, मोजक्या डावांतच सगळ्या चिप्स पुढे लोटाव्या लागतात. तिथे कौशल्याला एवढा वाव कुठून मिळणार?

मग उरतात संथ चालणाऱ्या, मोठ्या गर्दीच्या स्पर्धा. तिथे कच्चे खेळाडू भरपूर असतात, त्यामुळे फायद्याची टक्केवारी मोठी दिसते. पण लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा पाहा. २०२३ मध्ये १०,०४३ जणांनी प्रत्येकी १०,००० डॉलर भरले. विजेत्याला १ कोटी २१ लाख डॉलर मिळाले आणि सुमारे ८५ टक्के लोक रिकाम्या हाताने परतले. अशा स्पर्धांतली सरासरी हाती लागायला हजारो वेळा बसावे लागते. ऑनलाइन ते जमत होते. पण २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. आता गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत जाऊन वर्षाला किती स्पर्धा होतील? प्रवास आणि हॉटेलचा खर्च वेगळाच.

सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या स्पर्धेतला प्रवेश जिंकून देणारी छोटी स्पर्धा. तिच्या बाजूने लेखात ख्रिस मनीमेकर या खेळाडूचा दाखला आहे. २००३ मध्ये ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून तो वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, हे खरेच. पण त्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, आणि सॅटेलाइटमध्येच बाद झालेल्यांची तर आठवणही कुणाला नाही. एका विजेत्यावरून त्या प्रकाराचा फायदा ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मी मानतो. म्हणूनच हा आक्षेप आहे: कौशल्य असलेल्या तरुणालाच हे आकडे जास्त खरे वाटतात आणि तोच नोकरी सोडायचा विचार करतो. आपण अशी तुलना पुन्हा छापाल तेव्हा फी, कर आणि प्रवासखर्च वजा जाता उरणारी रक्कम प्रत्येक प्रकारासमोर द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे