सरबतच आहे हो!

नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या मित्रमंडळात एकच प्रश्न फिरायला लागतो, "स्लश कोण करणार?" बरीच वर्षं याचं उत्तर ठरलेलं होतं. मी! पण २०२३ च्या नाताळानंतर मी एक अट घातली आणि ती ऐकून निम्म्या मंडळींनी नाकं मुरडली. "फारच सिरियस झालीस तू", "पार्टीत कसल्या चिठ्ठ्या चिकटवतेस", "आता काय पिण्याआधी सही घेणार का?" वगैरे वगैरे. फोनवर भांडून झालं, जेवणाच्या टेबलावर भांडून झालं. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी भारतातल्या नातेवाइकांसाठी थोडी ओळख. आम्ही राहतो ते विस्कॉन्सिन हे ब्रँडीचं राज्य. ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल बाकी अमेरिकेत व्हिस्कीचं करतात, इथे मागितलंत तर ब्रँडीचं मिळतं. आणि थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत घरोघरी फ्रीझरमध्ये (किंवा थेट गॅरेजमध्ये, थंडी कशाला वाया घालवायची!) आइस्क्रीमची रिकामी बादली ठेवलेली असते, तिच्यात ब्रँडी स्लश. करायला अगदी सोपं. सात कप पाण्यात दोन कप साखर घालून उकळायचं. दोन कप गरम पाण्यात चहाच्या चार पुरचुंड्या बुडवून कडक कोरा चहा करायचा. दोन्ही गार झालं की लिंबाच्या आणि संत्र्याच्या गोठवलेल्या आटीव रसाचा एकेक बारा औंसी डबा आणि दोन कप ब्रँडी घालून ढवळायचं आणि रात्रभर गोठवायचं. मधून एक-दोनदा उठून ढवळलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी भुसभुशीत, गोळ्याच्या बर्फासारखं होतं. पेल्यात दोन डाव घालायचे, वरून लिमलेटसारखा सोडा. झालं!

मला हा प्रकार मनापासून आवडतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी मला दारूबंदीवाली समजेल. मी दारूबंदीवाली नाही. माझं भांडण एका वाक्याशी आहे. "घ्या हो, सरबतच आहे!"

२०२३ च्या नाताळात आत्या आमच्याकडे आली होती. सांगलीहून लेकीच्या बाळंतपणासाठी शिकागोजवळ आलेली, तिथून दोन दिवस भाचीकडे. (आत्या हे वाचतेय, तिला विचारूनच लिहिते आहे. "माझं वय मात्र लिहू नकोस" एवढीच तिची अट.) घरात पंचवीस-तीस माणसं. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. स्लशची बादली गॅरेजमध्ये, तिथे पुरुष मंडळींचा अड्डा. का, तर आत सगळ्यांचे आईवडील बसलेले, त्यांच्यासमोर कशाला? पण थोड्या वेळाने तेच स्लश पेल्यांत भरून, वर पुदिन्याचं पान वगैरे लावून ट्रेमधून आत आलं. आत्याने पेला हातात घेऊन सरळ विचारलं, "यात काय आहे रे?" ट्रे आणणारा हसून म्हणाला, "चहा, लिंबू, संत्रं. सरबतच आहे हो आत्या, घ्या!"

मी ते ऐकलं. झारा हातात धरून मीही हसले. आणि गप्प बसले.

आत्याला ते आवडलं. दुसरा पेला तिने आपणहून मागितला. तासाभराने जिना चढताना तिला गरगरलं, दोन पायऱ्या घसरली, कपाळाला टेंगूळ. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. लेकीने ग्लुकोमीटर लावला, साखर ५८. मग साखरपाणी, धावपळ, ओरडाआरडा... अर्ध्या तासात ती सावरली. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर दारू पोटात गेली की साखर झपकन खाली येऊ शकते, हे त्या खोलीतल्या निदान चार जणांना ठाऊक होतं. ब्रँडी आहे हे मात्र जिच्या पोटात जात होती तिलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. मला वाटलं होतं ती बाटवलं म्हणून चिडेल. ती म्हणाली, "अगं, सांगितलं असतंस तर कदाचित चव घेऊन बघितलीही असती. पण मी विचारलं होतं ना?"

पण मी विचारलं होतं ना. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता या प्रकरणावर मला जी जी समर्थनं ऐकवण्यात आली, ती एकेक करून घेते.

पहिलं समर्थन, "एवढीशी तर असते!" बरं, हिशेब करू. दोन कप ब्रँडी म्हणजे साधारण पावणेपाचशे मिली, म्हणजे तीस मिलीचे जवळजवळ सोळा छोटे पेग. सगळं मिश्रण होतं पंधरा कपांच्या आसपास. म्हणजे मूळ कृतीप्रमाणे कपभर स्लशमध्ये एक छोटा पेग. हे खरंच सौम्य आहे, बियरच्या आसपासचं. पण आपल्याकडे मोजून कोण घालतं? त्या दिवशी "बाटलीत एवढीशी कशाला ठेवायची" म्हणून एका मित्राने ७५० मिलीची अख्खी बाटली उपडी केली होती. पंचवीस पेग! म्हणजे कपाला दीड. आत्याचे दोन पेले म्हणजे तीन पेग, आणि तेही बादलीच्या तळातले.

तळाचं महत्त्व आहे. पाणी शून्य अंशाला गोठतं, शुद्ध अल्कोहोल गोठायला उणे ११४ अंश सेल्सियस लागतात. घरचा फ्रीझर असतो उणे १८ चा. त्यामुळे बादलीत पाण्याचे स्फटिक आधी होतात आणि अल्कोहोल, साखर उरलेल्या द्रवात साठत जातात. म्हणून तर स्लश दगडासारखं घट्ट होत नाही. पण बादली न ढवळता ठेवली तर हा कडक द्रव हळूहळू खाली झिरपतो. वरचा डाव मवाळ, तळाचा डाव जहाल. एकाच बादलीतून पहिल्या आणि शेवटच्या पाहुण्याला वेगवेगळी दारू मिळते आणि दोघांनाही "एवढीशीच" असं सांगितलेलं असतं.

दुसरं समर्थन, "चवीवरून कळायला नको का?" नको! कळू नये अशीच तर त्याची घडण आहे. गारठ्याने जीभ बधिर होते, साखर आणि लिंबू मिळून दारूची जळजळ झाकतात, आणि जो थोडा तुरटपणा उरतो तो चहाच्या नावावर खपतो. शिवाय अर्धं चमच्याने खातात, त्यामुळे किती प्यालो ते मोजलंही जात नाही. गोठवलेल्या मार्गारिटाचं पहिलं यंत्र १९७१ साली डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून बनवलं. (ते आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.) त्यांना कल्पना सुचली कशावरून, तर दुकानात मुलं घेतात त्या स्लर्पीच्या यंत्रावरून. म्हणजे या पेयाच्या एका शाखेचं मूळच मुलांच्या बर्फाच्या खाऊत आहे. आणि आपण म्हणायचं, मोठ्या माणसाला ओळखता आलं पाहिजे!

तिसरं समर्थन सगळ्यात मराठी आहे. "अगं, आग्रह केला, त्यात काय वाईट केलं?" आग्रह ही आपली लाडकी गोष्ट. पंगतीत जिलबीचा आग्रह, श्रीखंडाचा आग्रह, "माझ्यासाठी एक", "पानात टाकू नका, पण घ्या". हे सगळं मलाही आवडतं. पण आग्रह जिलबीचा करतात तेव्हा समोरच्याला ती जिलबी आहे हे दिसत असतं! काय आहे ते लपवून केलेल्या आग्रहाला आपल्याच भाषेत फसवणूक म्हणतात. आणि फक्त आत्यासारख्या पाहुण्यांचाच प्रश्न नाही. त्या तीस माणसांत एखादी असते जिने तीन महिन्यांची गोड बातमी अजून कोणाला सांगितलेली नसते. एखादा असतो ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडलेली असते आणि ते चारचौघांत सांगायचं नसतं. एखाद्याला रात्री बर्फाळ रस्त्यावरून पोरांना घेऊन घरी जायचं असतं. या सगळ्यांना आपलं गुपित न फोडता "नको" म्हणता यायला हवं. त्यासाठी पेल्यात काय आहे हे न विचारताच कळलं पाहिजे.

चौथं समर्थन मी पुण्याहून ऐकलं, "मुळात हे घरात आणताच कशाला?" मावशी, तुझा राग समजतो. पण मला विचारशील तर अर्धा दोष या प्रश्नाचा आहे. घरात चालत नाही म्हणून ते गॅरेजमध्ये गेलं. गॅरेजमध्ये गेलं म्हणून त्याचं नाव घ्यायची चोरी झाली. नाव घ्यायची चोरी झाली म्हणून ते आत येताना सरबत होऊन आलं. टेबलावर उघडपणे "ब्रँडी" असं लिहून ठेवलेलं असतं तर आत्या पडली नसती. लाजेने दारू कमी होत नाही, फक्त तिचं नाव बदलतं.

आणि नाव सांगायची सवय आपल्याला नाही असंही नाही. आमच्या पॉटलकला केकवर चिठ्ठी असते, "अंडं नाही". भाजीवर, "कांदा-लसूण नाही". चिवड्यावर, "शेंगदाणे आहेत". साबुदाण्याच्या खिचडीत कोथिंबीर घातली तर "कुणाला उपासाला चालत नसेल तर आधीच सांगते हं" म्हणून चारदा विचारतो. होळीला थंडाई करतात तिथेसुद्धा भांगेची वेगळी आणि साधी वेगळी असते. म्हणजे केकमधल्या अंड्यासाठी चिठ्ठी, आणि पंचवीस पेगांसाठी पुदिन्याचं पान!

मला स्लश शिकवलं ते आमच्या शेजारच्या आजींनी. जन्मभर विस्कॉन्सिनमध्ये राहिलेल्या, ब्रँडी आवडीने पिणाऱ्या. त्या नेहमी दोन बादल्या आणायच्या. दोन्हींवर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने ठसठशीत अक्षरं, एकीवर "ब्रँडी", दुसरीवर "साधं". आपल्या मंडळींत "हे लोक कसे ऊठसूट पितात" अशी चर्चा रंगते तेव्हा मला त्या पट्ट्या आठवतात. पिणाऱ्या आजी पट्टी लावत होत्या आणि आम्ही संस्कारी माणसं ट्रे सजवत होतो.

इथला कायदा तर सैलच आहे. पहिल्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडलात तर विस्कॉन्सिनमध्ये तो सहसा फौजदारी गुन्हाही धरला जात नाही, दंड होतो, परवाना काही काळ जातो. बाकी कुठल्याही राज्यात इतकी सवलत नाही. कायदाच जर एवढा उदार, तर मग यजमानालाच थोडं कडक व्हायला हवं, नाही का?

तर माझी अट ही अशी. स्लश मी करीन, आनंदाने करीन, पण दोन बादल्या. दोन्ही टेबलावर, गॅरेजमध्ये नाही, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ब्रँडीची. दोन्हींवर मराठी-इंग्रजीत मोठी चिठ्ठी. ब्रँडी मापाने, दोन कप म्हणजे दोन कप. वाढण्याआधी तळापासून ढवळायचं. ट्रेमध्ये भरून फिरवायचं नाही, ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. आणि "घ्या हो"चा आग्रह फक्त वड्यांचा. (साधी बादली फार घट्ट गोठते, कारण तिला मऊ ठेवायला अल्कोहोल नसतं. अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा आणि काट्याने खरवडा. चवीला काही कमी नसते, उलट आमच्याकडे तीच आधी संपते.)

मजा गेली का? २०२४ च्या नाताळात हे सगळं पाळलं. कोणी रुसलं नाही. एका मित्राच्या वडिलांनी चिठ्ठी वाचली, मुलाकडे बघितलं आणि शांतपणे ब्रँडीच्या बादलीतून दोन डाव घेतले. मुलगा इतकी वर्षं त्यांच्यापासून लपूनच पीत होता!

आत्या पुन्हा आलेली नाही अजून. फोनवर मात्र परवा म्हणाली, "या वेळी आले की ते साधं सरबत दे. आणि दुसरं काय असतं तेही दाखव, लांबून." दाखवीन. पण एक गोष्ट मला अजून टोचते. तिची लेक सांगते की आत्या आता कुणाकडेही गेली की पेला तोंडाला लावायच्या आधी वास घेऊन बघते. आमच्या घरून नेलेली सवय आहे ती.

असो. साहित्य आणायला निघायचंय. ज्यांना माझी अट मान्य नाही त्यांनी आपलं स्लश आपण करावं... आणि कृपा करून त्याला सरबत म्हणू नये.